न ओळखलेला खाऊ

“वाजत नाही,” बेबीनं डबा कानाशी धरून दोन्ही हातांनी गदगदा हलवला आणि तोंड वाकडं केलं. “काहीच वाजत नाही वं मावशी. रिकामा तं नाही ना?”

“रिकामा डबा ठेवीन काय मी भुलाबाईपुढं?”

“गोड हाये का तिखट?”

“गोड.”

“हातानं खायचा का चमच्यानं?”

“हातानं.”

“मंग सांजोरी!”

“नाही.”

“करंजी. बोंडं. शिरा.”

“शिरा हातानं खातेत काय वं?” दुसरी एक पोरगी म्हणाली.

“आमच्या घरी खातेत,” बेबी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

डबा एकीच्या हातून दुसरीच्या हातात फिरला. कोणी उलटा करून पाहिला, कोणी झाकणाला नाक लावलं. मी डब्यात आधी जुन्या लुगड्याची घडी घातली होती आणि वरूनही घडी दाबली होती. आतला जिन्नस जागचा हलायला नको, एवढीच काळजी. अंगणात उन्हं उतरली होती. भिंतीपलीकडच्या शाळेला केव्हाच कुलूप लागलं होतं.

सगळ्यांत शेवटी डबा पंचफुलाकडे आला. तिच्या कडेवर मामीचं लहानगं होतं. तिनं लेकरू एका हातानं सावरलं, दुसऱ्या हातानं डबा गालाशी नेला, हलवला नाही. थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

“फुटाणे,” ती म्हणाली.

पोरींनी हसून गोंधळ घातला. “फुटाणे वाजतेत ना वं, येडे! एवढंबी समजत नाही काय तुले?”

पंचफुलानं डबा खाली ठेवला आणि लेकराचं नाक पुसलं.

मलाही तेव्हा वाटलं, पोरगी खरंच जरा मंद आहे.

आमच्या धामणखेडला भुलाबाई भादव्याच्या पुनवेला बसते आणि कोजागरीपर्यंत राहते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर लेकरू. रोज दिवस कलला की गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, गाणी म्हणतात, आणि मग त्या घरचा खाऊ ओळखतात. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. फारच अडलं तर “हरलो” म्हणायचं असतं, मग घरची बाई डबा उघडते. पण आमच्या गल्लीतल्या पोरी मोठ्या अभिमानी. हरलो म्हणायला त्यांची जीभ वळत नसे.

माझं घर गल्लीतलं शेवटचं, शाळेच्या भिंतीला लागून. घरात मी एकटी. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक रुक्मा गेल्या वर्षी उजवली, ती रेल्वेतल्या जावयाबरोबर इटारसीच्याही पलीकडे गेली. घरात लहान पोर नसताना भुलाबाई मांडायची गरज नव्हती. पण रुक्माला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती दिवाळीच्या आधी येणार होती. त्या आनंदात मी भुलाबाई मांडली. पाणवठ्यावर, दुकानात, कापसाच्या वावरात, जी भेटेल तिला मी सांगत होते, “रुक्मा येऊन रायली ना माही.”

सुरुवातीला मी डब्यात साधासुधा खाऊ ठेवत होते. दाणे, मुरमुरे, फुटाणे. पोरी गाणी म्हणायच्या, डबा हलवायच्या, क्षणात ओळखायच्या, मूठमूठ खाऊ घेऊन पाखरांसारख्या उडून जायच्या. अंगणात टिपऱ्यांचा आवाज होता तिथं एकदम काही नसायचं. मी चूल पेटवायची, एका भाकरीचं पीठ घ्यायची.

मग एक दिवस मी डब्यात कापड घातलं. दुसऱ्या दिवशी असा जिन्नस केला, की जो कोणी भुलाबाईला करत नाही. भाजलेले चिंचोके केले. गुळात परतलेली रताळ्याची चकती केली. जवस कुटून वड्या थापल्या. पोरी चिडायच्या, भांडायच्या, माझ्याभोवती फेर धरून प्रश्न विचारायच्या. मी फक्त हो किंवा नाही म्हणायची. दिवेलागण व्हायची. गल्लीतून हाका यायच्या, “बेबे! मेली काय तिकडंच?” तेव्हा कुठं कोणीतरी चडफडत “हरलो” म्हणायची, नाही तर माझ्याच तोंडून अर्धामुर्धा शब्द सुटायचा.

“मावशी, तुम्ही काय कुठी शिकून आल्या काय असे खाऊ करायले?” बेबीनं एकदा कमरेवर हात ठेवून विचारलं.

“तुम्हीच शिकवलं. रोज लवकर ओळखत होत्या ना?”

“आम्ही तुमच्या घरचा खाऊ खायले येतो का परीक्षा द्यायले?”

परीक्षा खरोखरच जवळ आली होती. सहामाही. शाळेची भिंत माझ्या न्हाणीघराला लागून, आणि वर्गाची एक खिडकी माझ्या अंगणाकडे. मला तेव्हा एकही अक्षर येत नव्हतं. पण पाढे मात्र कानावर पडून पडून पाठ झाले होते. भांडी घासताना पोरांबरोबर माझेही ओठ हलायचे.

ज्यांना पाढा येत नसे त्यांना खंडारे गुरुजी शाळा सुटल्यावर थांबवून ठेवत. या महिन्यात थांबणारं नाव जवळजवळ रोज एकच असे.

“पंचफुला, सोळा साते?”

“शंभर, गुरुजी.”

“कालही शंभर, आजही शंभर. अगं, डोकं आहे की मडकं? बस. पाठ होईपर्यंत हलायचं नाही.”

मग गुरुजी ओट्यावर येऊन बसत, तपकीर ओढत, गावातल्या कुणाशी बोलत. खिडकीतून पुटपुटणं ऐकू येई. मी न्हाणीत भांडी घासत होते तेव्हा एकदा हात थांबला माझा. पोरगी सोळाचा पाढा म्हणत होती, साखळीसारखा, एक कडी न सोडता. सोळा साते बारोदरसे, म्हणजे एकशे बारा. मग सतराचा. मग अठराचा. गुरुजी आत आले आणि विचारलं, तेव्हा पुन्हा म्हणाली, “शंभर, गुरुजी.”

मला वाटलं, भितरी आहे. माणूस पुढं आलं की विसरत असेल.

पंचफुला श्रीपतच्या बहिणीची लेक. आई दोन वर्षांमागं गेली. बाप मेळघाटात लाकडाच्या कामाला, कधी यायचा कधी नाही. मामानं तिला आपल्या घरी आणलं. श्रीपत गरीब स्वभावाचा, दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबणारा. त्याची बायको दुर्पता वाईट नव्हती. पण चार लेकरं, त्यातलं धाकटं अजून अंगावरचं, आणि सासू अंथरुणाला खिळलेली. तिला बोलायलाही सवड नव्हती. तिनंच मला विहिरीवर सांगितलं.

“सहामाही झाली की हिले अकोल्याले पाठवतो माह्या बहिणीकडं. तिले लेकरं सांभाळायले कोणी पायजे.”

“आन् शाळा?”

“कायची शाळा, कौतिकामावशी? गुरुजीच म्हणतेत, डोक्यात काही शिरत नाही हिच्या. बेकार बसून पाटी झिजवण्यापेक्षा चार भांडे घासन, दोन टाइम जेवन. ह्यांनीबी कबूल केलं. म्हणतेत, हुशार असती तं ठेवलं असतं.”

मी कळशी उचलली. दुसऱ्याच्या घरची गोष्ट. पण घरी येताना पाणी पायावर सांडत होतं, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी अळिवाचे लाडू केले. लहान लहान वळले, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले. पोरींनी त्या दिवशी डोकी फोडून घेतली. करडई म्हणाल्या, राजगिरा म्हणाल्या, बेबीनं रागानं “गवत!” असं सुद्धा सांगितलं. पंचफुलानं डबा गालाशी धरला. या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

“मुरमुरे,” ती म्हणाली.

शेवटी बेबीच्या आईनं गल्लीच्या तोंडाशी येऊन आरडाओरडा केला, तेव्हा पोरी हरल्या. लाडू तोंडात टाकत, मला नावं ठेवत पळाल्या. मी अंगणातलं कुंकू-फुलं आवरत होते, तोच पंचफुला परत आली. लेकराची कुंची राहिली होती.

कुंची घेऊनही ती गेली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली.

“मावशी, अळीव होतं ना?”

“आता खाल्ल्यावर सांगून रायली काय?”

“नाही. डब्याजवळ नेलं तवाच वास आला. मामीच्या बाळंतपणात मीच भिजू घालत होतो. मीच तूप सोडत होतो त्याच्यात.”

“मंग मुरमुरे काहून म्हणाली?”

तिनं कुंची झटकली.

“चिंचोके? जवस?”

“ते बी समजले होते.”

मी खाली बसले. “मंग सांगत काहून नाही वं पोरी? सगळ्या तुले येडी म्हणतेत.”

तिनं कुंचीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. “सांगितलं तं सगळ्या घरी जातेत,” ती म्हणाली. “मलेबी जा लागते.”

शाळेतला पाढा मला तेव्हा उलगडला. विचारायची गरज राहिली नाही.

“तुले तिकडं मारतेत काय कोणी?”

“नाही.”

“उपाशी ठेवतेत?”

“नाही, मावशी. काम सांगतेत, मी करतो. मंग पुन्हा काम राहिलं तं सांगतेत.” ती थांबली. “तिथं कोणी काही विचारत नाही.”

माझ्या घरीही कोणी काही विचारत नव्हतं.

मग ती जायला वळली आणि वळता वळता तिनं विचारलं, अगदी हळू, “रुक्माताई येत नाही ना आता?”

मी बसल्या जागची उठले. “कोण म्हणते?”

“कोणी नाही. बाळंतिणीचं अळीव तुम्ही भुलाबाईले करून टाकलं.”

खरं होतं. भुलाबाई बसल्यावर थोड्याच दिवसांत गावातला एक पोरगा रेल्वेच्या कामावरून आला होता. त्याच्या हाती रुक्माच्या सासूनं निरोप धाडला होता. बाळंतपण तिकडंच करतो, तिकडं दवाखाना चांगला, प्रवास नको. आणि एवढ्या लांबून तुम्हीही येऊ नका, जागा लहान आहे. मी तो निरोप कोणाला सांगितला नाही. पाळणा माळ्यावरून काढला होता, तो तसाच ठेवला. लोकांना म्हणत राहिले, येऊन रायली, येऊन रायली. ज्या बाईला पहिल्या बाळंतपणालाही लेक मिळत नाही, तिच्याकडे गल्ली कशी पाहते ते मला माहीत होतं.

“कोणाले सांगू नको,” मी म्हणाले.

“तुम्हीबी नका सांगू,” ती म्हणाली, आणि कुंची घेऊन गेली.

त्यानंतर ती डबा हातात घेऊन “फुटाणे” म्हणाली, की मी दुसरीकडे पाहायची. पोरी हसायच्या. आम्ही दोघी हसायचो नाही.

सहामाही झाली. गुरुजींनी गुण वाचून दाखवले ते मी भिंतीआडून ऐकले. पंचफुला सगळ्यांत खाली. ‘हुशार असती तं ठेवलं असतं’ हे मामाचं बोलणं तिच्या कानावर गेलं नव्हतं, आणि ‘नका सांगू’ म्हणाली होती म्हणून मीही तोंड उघडलं नाही.

कोजागरीला गल्लीतल्या सगळ्या भुलाबाया शाळेच्या अंगणात आणायची आमच्याकडे रीत. ज्वारीच्या हिरव्या धांड्यांचा मांडव करायचा, त्याखाली सगळ्या बसवायच्या. त्या दिवशी प्रत्येक घरचा डबा असतो आणि सगळे डबे ओळखावे लागतात. बायका येतात, पुरुषही ओट्यावर येऊन बसतात. दूध आटत असतं. चांद वर येऊन कौलांना टेकला, तोवर पोरींची निम्मी गाणी झाली होती. खंडारे गुरुजी खुर्चीवर, खाली श्रीपत आणि आणखी चार जण. दुर्पता चुलीपाशी दूध ढवळत होती. पंचफुला कडेवर लेकरू घेऊन मांडवाच्या खांबाशी उभी होती.

“उद्या निघते ना ही?” कोणीतरी दुर्पताला विचारलं.

“हो. सकाळच्या मोटारीनं हे नेऊन घालतेत.”

श्रीपत गुरुजींना म्हणाला, “गुरुजी, नाव कमी करून टाका मंग तिचं.”

“करतो,” गुरुजी म्हणाले. “वाईट वाटतं रे. पण पोरगी कष्टाळू आहे, कामात तरी नाव काढील. सगळ्यांनाच विद्या येते असं नाही.”

पंचफुलानं हे ऐकलं. तिथून माझ्यापर्यंत अंतर फार नव्हतं. चांदण्यात तिचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली का, ते मला आज आठवत नाही. हलवली असावी.

पोरी पहिल्या डब्याशी झटत होत्या. बेबी कानाशी धरून, “वाजते, पण जड वाजते,” असं म्हणत होती. पंचफुला पुढं झाली. लेकरू तिनं खाली बसवलं. बेबीच्या हातून डबा घेतला, गालाशी नेला.

“आलं वं फुटाणेवालं,” एक पोरगी म्हणाली.

“तिळाच्या पोळ्या,” पंचफुला म्हणाली. “काल केलेल्या.”

जिचा डबा होता ती बाई हसता हसता थांबली. “हो ना बाप्पा.”

पंचफुलानं दुसरा उचलला. “भोपळ्याचे बोंडं.” तिसरा. “शेंगदाण्याचा कूट, गूळ कमी.” चौथा डबा तिनं उचललाही नाही, नुसती वाकली. “मुगाचा लाडू. तूप खवट हाये.” ज्या बाईचं तूप होतं ती चिडली, बाकीच्या खो खो हसल्या. एकेक करत ती रांगेच्या टोकापर्यंत गेली. माझ्या डब्याशी आली तेव्हा तो तिनं दोन्ही हातांनी उचलला. “हे डिंकाचे लाडू,” ती म्हणाली.

हसणं विरलं होतं. टिपऱ्या थांबल्या होत्या. ती वळून गुरुजींपुढं गेली.

“सोळा साते बारोदरसे,” ती म्हणाली. “विचारा गुरुजी. कोणताबी विचारा.”

गुरुजींनी तपकिरीची डबी खिशात घातली. “एकोणतीस नव्वे?”

“दोनशे एकसष्ट.”

“सत्तावीस साते?”

“एकशे एकोणनव्वद.”

गुरुजी उठून उभे राहिले. “म्हणजे मी हिला रोज थांबवून ठेवत होतो, असं मला वाटत होतं,” ते म्हणाले, “आणि हीच मला थांबवून ठेवत होती!”

दोघं-चौघं हसले. दुर्पता हसली नाही. तिनं दुधातला पळा बाजूला ठेवला आणि पदराला हात पुसत पुढं आली.

“म्हणजे रोज समजत होतं तुले?” ती म्हणाली. “शाळेतबी? भुलाबाईतबी? आन् मी तिकडं चूल, लेकरं, बुढी घेऊन तुयी वाट पाहत होतो? ही येते, मंग येते?”

पंचफुला खाली पाहू लागली.

श्रीपतही उठला होता. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. “घरी यायले नको वाटते काय तुले, बाई?” त्यानं विचारलं. “आमच्या घरी?”

सगळी गल्ली ऐकत होती. पोरगी काय बोलणार? हो म्हटलं तर ज्या मामानं आसरा दिला त्याचं तोंड चारचौघांत काळं. नाही म्हटलं तर खोटं.

“उपाशी ठेवतो काय आम्ही तुले?” दुर्पताचा आवाज चिरकला. “सांग ना. सांग सगळ्यायले.”

“नाही मामी,” पंचफुला म्हणाली. “जेवायले देता.”

ते इतकं खरं होतं, की दुर्पतानं पदर तोंडाशी नेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पोरीचं हे उत्तर गल्ली वर्षानुवर्षं चघळणार, आणि त्या घरात तिला मग कधीच नीट बसता येणार नाही, हे मला दिसत होतं.

मी पुढं झाले.

“तिले काय विचारता?” मी म्हणाले. “मले विचारा. मीच सांगितलं होतं तिले.”

“काय सांगितलं होतं?” श्रीपत म्हणाला.

“खाऊ ओळखला तरी सांगू नको. उशिरा जा. शाळेतबी टाइम लाव, म्हणजे तू भिंतीपलीकडं हायेस, असं वाटते मले. पोरीनं ऐकलं माह्यं. मोठ्या माणसाचं ऐकलं, यात तिचा काय दोष?”

“पण काहून वं मावशी?” बेबीची आई म्हणाली. “तुले काय कमी? चार दिवसांत रुक्मा येते बाळंतपणाले.”

मी मांडवाच्या खांबाला हात टेकला. धांड्याची पातं हाताला कापत होती.

“रुक्मा येत नाही,” मी म्हणाले. “निरोप येऊन बक्कळ दिवस झाले. मलेबी येऊ नको म्हणतेत. तुम्हाले सांगायची लाज वाटत होती.” मग मला थांबताच येईना. “पोरी गेल्या ना, का घर खायले उठते मले. कोणी आवाज देणारं नाही. म्हणून मी डब्यात कापड घालत होतो. म्हणून मी चिंचोके भाजले. ते अळीव रुक्मासाठी आणलं होतं, ते मी तुमच्या पोरींले खाऊ घातलं. घ्या. आता झालं समाधान?”

दूध उतू गेलं आणि चुलीत चर्र झालं. एक बाई तिकडं धावली.

दुर्पता माझ्याकडे पाहत होती. मग तिनं पंचफुलाकडे पाहिलं. तिला सगळं पटलं होतं असं नाही. बायकांना समजतं. पण मी तिला वाट करून दिली होती, आणि ती त्या वाटेनं आली.

“असं होतं तं मले सांगायचं ना, मावशी,” ती म्हणाली. “पोरगी काय, मी तुमच्याकडं चारही लेकरं पाठवले असते. बुढीलेबी पाठवली असती.”

तेव्हा कुठं लोक हसले. श्रीपतनं वाकून खाली बसवलेलं लेकरू उचललं आणि आपल्या खांद्यावर घेतलं. त्याला ते घ्यायची सवय नव्हती. लेकरू रडायला लागलं, तरी त्यानं दिलं नाही.

“गुरुजी,” तो म्हणाला, “नाव राहू द्या. वार्षिक परीक्षेपर्यंत तरी राहू द्या.” मग बायकोला म्हणाला, “अकोल्याले निरोप दे, येत नाही म्हणून.”

“मीच देऊ?”

“तुयी बहीण हाये.”

पंचफुला पुढं फार दिवस धामणखेडला राहिली नाही. दोन वर्षांनी तिच्या बापाला परतवाड्याकडे कायमचं काम लागलं आणि तो तिला घेऊन गेला. तिनं मला अक्षरं शिकवायला घेतली होती. ‘प’पर्यंत आणून ती गेली. पुढची अक्षरं मी पुष्कळ वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, रात्रीच्या वर्गात शिकले. रुक्माला मुलगा झाला, तो चालता झाल्यावर मी पाहिला.

पण मला आठवते ती कोजागरीच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. सकाळीच भुलाबाया नदीत सोडून झाल्या होत्या. शाळा सुटली. पोरी गल्लीतून नेहमीसारख्या गेल्या, माझ्या घराकडे कोणी वळलं नाही, वळायचं कारणही उरलं नव्हतं. मी अंगणात तुरीच्या डाळीतले खडे निवडत बसले होते. पंचफुला आली. दप्तर पोटाशी धरून उभी राहिली.

“मामीनं जा म्हटलं,” ती म्हणाली. “दिवा लागेपर्यंत.”

“मंग बस ना.”

ती बसली. गाणी नाहीत, डबा नाही. ती माझ्या सुपातले खडे वेचू लागली. बऱ्याच वेळानं, मान वर न करता तिनं विचारलं, “मावशी, काल तुम्ही माह्यासाठी खोटं काहून बोलल्या?”

मी सूप खाली ठेवलं.

“खोटं कुठी बोललो वं?” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग दप्तर उशाशी घेऊन ती तिथंच जमिनीवर आडवी झाली, आणि बघता बघता झोपली. कडेवर लेकरू नसताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. फार लहान दिसत होती. डाळ तशीच राहिली. सूप वाजेल म्हणून मी हात लावला नाही.